कमरेची बॅग: चोरीविरोधी सोयींपैकी कामाच्या कोणत्या आणि नावापुरत्या कोणत्या?

सायली_ठाणे
आईबाबा मे महिन्यात टूरबरोबर रोम, पॅरिस, बार्सिलोना करणार आहेत. दोघांसाठी कमरेच्या बॅगा घ्यायच्यात. ऑनलाइन बघावं तर प्रत्येकीवर ‘अँटी थेफ्ट’ लिहिलेलं. एकीत स्टीलची जाळी, दुसरीत आरएफआयडी कप्पा (कार्डाची चिप बाहेरून वाचली जाऊ नये म्हणून), तिसरीला कुलपाची चेन. नेमकं काय बघून घ्यावं? बाबा पँट-शर्टात असतात, आई बहुतेक सलवार-कुर्त्यात, एखाद्या दिवशी साडीत. दोघंही सत्तरीच्या आसपास, त्यामुळे बॅग त्यांना स्वतःला उघडता आली पाहिजे ही पहिली अट.

टाके_उसवे
जाळीपासून नको, चेनपासून सुरुवात करा. गर्दीतला चोर शक्यतो कापत नाही, उघडतो. कापलं की झटका बसतो आणि माणूस ओरडतो. उघडलं तर पुढच्या स्टेशनापर्यंत कळत नाही.

बहुतेक बॅगांना नायलॉनच्या कॉइलची चेन असते. दोन्ही बाजूंना दात म्हणजे प्लॅस्टिकच्या तारेचं वेटोळं. बॉलपेनचं टोक मधोमध दाबलं की ही वेटोळी एकमेकांतून सुटतात, आणि मग रनर एकदा इकडून तिकडे फिरवला की चेन पुन्हा मिटते. माल गेला तरी बॅग बंद दिसते. म्हणून नुसतं दोन रनर एकत्र अडकवून कुलूप लावण्याला फारसा अर्थ नाही, कारण रनर कुलपासकट सरकतात. दोन्ही पुलर बॅगेला शिवलेल्या एका ठरावीक हुकाला किंवा डी रिंगला अडकले पाहिजेत. तेवढ्यानेही पेनाचा उपाय पूर्ण बंद होत नाही, पण चेन परत मिटवता येत नसल्यामुळे चोरी लपत नाही.

विकत घेताना बघायच्या गोष्टी:

चेनचा नंबर. रनरच्या पाठीवर ३, ५, ८ असा आकडा असतो. मिटलेल्या दातांची रुंदी साधारण तितके मिलीमीटर. मुख्य कप्प्याला ५ पेक्षा कमी नको. ३ नंबर आतल्या कप्प्याला ठीक.

दातांचा प्रकार. दुहेरी कॉइलची, पेनाला दाद न देणारी चेन काही प्रवासी बॅगांना येते, ती उत्तम. नाहीतर एकेक सुटा जाड दात असलेली प्लॅस्टिकची किंवा पितळी चेन साध्या कॉइलपेक्षा बरी. वरून रबरासारखा थर असलेली ‘वॉटरप्रूफ’ चेन म्हणजे बहुधा उलटी लावलेली कॉइलच असते. ती पावसासाठी आहे, चोरासाठी नाही.

बंद झाल्यावर रनर कुठे थांबतो. हे कोणी बघत नाही. बॅग पोटावर बांधल्यावर बंद रनर उजव्या हाताच्या माणसाच्या उजव्या बाजूला, जरा पुढे यायला हवा. तो पाठीकडे जात असेल तर शेजारच्याची सोय होते. रनरवर कापडी झाकण असेल तर आणखी चांगलं.

निवार_पट्टी
चेनबद्दल सहमत, पण बकल विसरू नका. दोन्ही बाजूंनी चिमटा काढला की सुटणारं प्लॅस्टिकचं बकल एका हाताने, एका क्षणात उघडतं. लोक बॅग फिरवून पोटावर आणतात आणि बकल मागे कमरेवर जातं, जिथे ना डोळा ना हात. मागच्याने चिमटा काढायचा आणि पुढच्याने बॅग ओढायची, ही दोघांची जोडी असते.

उपाय तीन, सोप्यापासून अवघडाकडे.

पहिला: पट्टा पँटच्या लूपमधून ओवा, बॅगेच्या दोन्ही बाजूंना निदान एकेक आणि मागचं एक. बकल सुटलं तरी बॅग जागची हलत नाही.

दुसरा: ५० मिमी रुंदीचं इलॅस्टिक घ्या. तुकडा एवढा कापा की बकलभोवती गुंडाळल्यावर ताणून बसेल. पंचवीस मिलीमीटरच्या बकलला साधारण ८ सेंमी लागतं, शिलाईसाठी एक सेंमी जास्त धरा. टोकं जोडून नळी शिवा, पट्ट्यावर ओवून ठेवा आणि बकल लावल्यावर त्याच्यावर सरकवा. चिमट्याच्या दोन्ही बाजू झाकल्या जातात. आपल्याला उघडायला आधी नळी सरकवायची. काळं इलॅस्टिक घेतलं तर दिसतही नाही.

तिसरा: बकल बदला. तीन जागी दाबावं लागणारी बकलं येतात. कपड्यावरून घालायच्या बॅगेला चांगली, पण सायलीताई, सत्तरीतल्या बोटांना, त्यात संधिवात असेल तर, त्यांचा त्रास होतो. तुमच्यासाठी पहिला आणि दुसरा पुरे.

काळाघोडा
मग जाळी अगदीच बिनकामाची का? मुंबई लोकलमध्ये अर्धं ब्लेड मारणारे असतातच की.

टाके_उसवे
बिनकामाची नाही, दुसऱ्या क्रमांकाची. पॅकसेफ, ट्रॅव्हेलॉन यांच्या काही बॅगांमध्ये अस्तराच्या आड स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी असते. ब्लेडने कापड फाटतं, जाळी राहते, वस्तू खाली पडत नाहीत. पण ती कुठे कुठे आहे ते तपासा. पुष्कळदा फक्त पुढच्या बाजूला आणि तळाला असते. अंगाकडच्या बाजूला नसली तरी चालेल, तळाला मात्र हवीच, कारण काप सहसा खालून देतात.

दुकानात बोटांच्या चिमटीत कापड चुरून बघा, तारेची चौकडी हाताला लागते. चुंबक लावून परीक्षा करू नका. चांगलं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे उत्तर उलटं मिळतं.

आणि ‘रिपस्टॉप’ म्हणजे ब्लेडरोधक नव्हे. त्या चौकड्यांमुळे फाटलेली जागा पुढे वाढत नाही, एवढंच. तसंच डेनिअरचं: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. हजार डेनिअरचं कापड घासायला टिकाऊ असतं, नव्या ब्लेडपुढे तेही उभं राहत नाही.

निवार_पट्टी
ब्लेडवाला बॅग सोडून पट्टा कापतो, ते जास्त सोपं. ताणलेला पट्टा पटकन कापला जातो, सैल पट्टा ब्लेडपुढे सरकत राहतो. बॅग जड भरली की पट्टा आपोआप ताणतो, म्हणून कमी सामान हाही एक बंदोबस्तच.

तार असलेले पट्टे तयार मिळतात. घरी करायचा तर:

साहित्य: २५ मिमीची पोकळ नायलॉन पट्टी, सायकलच्या गिअरची आतली तार (१.२ मिमी, स्टेनलेस मागून घ्या, साधी घामाने गंजते), दुहेरी छिद्राच्या दोन स्लीव्ह (दाबून तार पकडणाऱ्या धातूच्या नळ्या), धातूच्या दोन डी रिंगा, बॉन्डेड नायलॉन दोरा. पुण्यात रविवार पेठेत आणि कोणत्याही बऱ्या सायकलच्या दुकानात हे सगळं मिळून जातं.

तार फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या भागात घाला. पुढची वीतभर जागा साधी पट्टी, बकल आणि अ‍ॅडजस्टरसाठी सोडा. तार अ‍ॅडजस्टरमधून वळत नाही. वळवली तर पट्टा सरकतो तरी, नाहीतर तार मोडते. पुढचा भाग तसाही डोळ्यासमोर असतो.

पट्टीतून तार ओवा, टोक डी रिंगमधून फिरवून स्लीव्हमध्ये परत आणा आणि स्लीव्ह दाबा. साध्या पकडीने दाबलेली स्लीव्ह सुटते, त्यासाठी क्रिंपिंगची पक्कड लागते. सायकलवाल्याकडे किंवा तारेचं काम करणाऱ्याकडे दाबून घ्या. तार पट्टीपेक्षा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर लांब ठेवा, म्हणजे रोजचा ताण पट्टी घेते आणि पट्टी कापली तरच तारेवर भार येतो. टोकावर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी चढवा. उघडी टोकं अस्तर फोडून कमरेत टोचतात. शेवटी पट्टीची टोकं चौकोन आणि आत फुली अशा शिलाईने, १८ नंबरच्या सुईने पक्की करा.

स्लीव्ह अ‍ॅल्युमिनियमची असेल तर अधूनमधून तपासा. स्टेनलेसच्या सोबतीला खारट घाम आला की अ‍ॅल्युमिनियमला पांढरी पूड धरते. तांब्याची मिळाली तर तीच घ्या.

प्लॅटफॉर्म_चार
थांबा. न तुटणारा पट्टा अंगाला बांधणं हाच मोठा धोका आहे. मोटरसायकलवरून ओढणारा असला तर बॅगेबरोबर माणूसही फरफटतो. सरकत्या जिन्यात, गाडीच्या दारात पट्टा अडकला तरी तेच. लोकलमध्ये तर नकोच.

निवार_पट्टी
हरकत रास्त. म्हणूनच बकल पुढे आणि एका हाताने सुटेल असंच ठेवायचं. ते आपोआप मोडेल या भरवशावर राहू नका, चांगल्या अ‍ॅसिटल प्लॅस्टिकचं बकल माणसाचं वजन सहज पेलतं. तारेचा पट्टा छातीवर तिरका घालू नका, गळ्याशी येतो. मोटरसायकलवाल्यांचा उपद्रव असलेल्या शहरात साधा पट्टा लावा, शर्ट बाहेर काढून त्याखाली बॅग घाला आणि रस्त्याकडच्या नव्हे, भिंतीकडच्या बाजूने चाला.

प्लॅटफॉर्म_चार
हे मान्य. तिरकी घालण्याची फॅशन आहे खरी, पण बकल खांद्यामागे जातं आणि पाठीवरचा पट्टा सगळा उघडा पडतो. कमरेची बॅग कमरेलाच बरी.

चिप_आणि_कागद
आरएफआयडीवर पैसे घालवू नका. फुकट मिळाला तर कप्पा असू द्या.

टॅप करायची कार्डं आणि नवे ई-पासपोर्ट १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि वाचनाचं अंतर काही सेंटीमीटरचं असतं. ई-पासपोर्टची चिप नुसती जवळ जाऊन वाचता येत नाही. माहितीच्या पानाखालच्या दोन ओळींतला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत आधी यंत्राला द्यावी लागते. कार्डातूनही टॅपने पिन किंवा मागचा सीव्हीव्ही बाहेर पडत नाही. खरा धोका हरवलेल्या कार्डाचा: भारतात १ जानेवारी २०२१ पासून ५००० रुपयांपर्यंत पिनशिवाय टॅप चालतं. त्याचा इलाज बँकेच्या अ‍ॅपमध्ये आहे. टॅप, ऑनलाइन आणि परदेशी वापर वेगवेगळे चालू-बंद करता येतात, मर्यादाही ठरवता येते. जे लागत नाही ते निघण्यापूर्वी बंद करा.

उलट या कप्प्याचा एक तोटा आहे. फोन किंवा ट्रॅकर त्यात ठेवला तर त्याचा सिग्नल दबतो. फोन नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी संपते. एअरटॅग (अ‍ॅपलचा छोटा ट्रॅकर) ठेवायचा तर बाहेरच्या कापडाच्या आत, अस्तराची थोडी शिवण उसवून तिथे शिवून टाका. जाडी ८ मिमी आहे, हाताला लागते, म्हणून तळाच्या कोपऱ्यात घाला. सीआर२०३२ सेल बदलता यावा एवढे टाके कच्चे ठेवा. अर्थात अनोळखी ट्रॅकर सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही जाते, तेव्हा त्याचा भरवसा थोड्या वेळापुरताच.

सायली_ठाणे
खूपच उपयोगी. आईचं काय? सलवारीला लूप नाहीत आणि साडीवर बॅग बांधायला ती तयार नाही.

परकराची_नाडी
सायली, आईंना बॅग नकोच. त्यांना चोरखिसा हवा. कोणत्याही ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना सांगितलंत तर अर्ध्या तासाचं काम.

साडीसाठी परकराच्या आतल्या बाजूला, उजवीकडे, नाडीच्या नेफ्यालगत, १६ सेंमी रुंद आणि १२ सेंमी खोल सुती खिसा. पासपोर्ट १२५ × ८८ मिमी असतो, आडवा आरामात बसतो. तोंड वर आणि तोंडाला ३ नंबरची चेन. वेल्क्रो नको, उघडताना आवाज होतो आणि साडीचे धागे ओढतो. खिसा फक्त परकराच्या कापडावर शिवला तर वजनाने परकर एका बाजूला उतरतो, म्हणून वरची कड नेफ्यालाच घ्यायची आणि नाडी गोल सुती न घेता चपटी, रुंद घ्यायची.

सलवारीसाठी तोच खिसा सुटा शिवून वर दोन लूप लावा आणि नाडीत ओवा. धुवायला काढता येतो, दुसऱ्या सलवारीला लावता येतो. खिसा पोटाच्या मध्यावर नको, बसताना टोचतो. मांडीच्या वर, जरा बाजूला.

दिवसभराचे सुटे पैसे आणि एक कार्ड मात्र यात ठेवायचं नाही. दर वेळी आत हात घालावा लागला तर खिसा कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. त्यासाठी वेगळी छोटी पर्स, गेली तर गेली म्हणता येईल अशी.

काळाघोडा
वारीत जुन्या माणसांच्या बंडीला आतून असाच खिसा असतो. कंपन्यांनी नवीन काही शोधलेलं नाही.

परकराची_नाडी
अगदी. फक्त घामाचं बघा. नोटा आणि पासपोर्ट चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून मग खिशात. पासपोर्टचं माहितीचं पान ओलं होऊन फुगलं तर इमिग्रेशनला त्रास होतो.

लिग्युरियाकर
इटलीत राहतो, त्यामुळे जागांबद्दल लिहितो. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनाहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्धच आहे. मेट्रोची ए लाइनही. पॅरिसला मेट्रो १, बार्सिलोनाला ला राम्बला आणि तिच्याखालची एल ३. या सगळीकडे बॅग पोटावर, हात बॅगेवर.

डब्यात दाराशी उभं राहू नका. चोर दार मिटण्याच्या क्षणाला हात मारून उतरतो, तुम्ही आतच राहता. आत सरकून पाठ भिंतीला लावा. कोणी सह्यांचा कागद पुढे केला, अंगावर काही सांडलं आणि पुसायला आलं, तर त्याच्याकडे बघण्याआधी हात चेनवर न्या. सह्यांचा फळा नेमका कमरेच्या उंचीवर धरतात, खाली काय चाललंय ते दिसू नये म्हणून.

पासपोर्ट, बहुतेक रोख आणि एक जास्तीचं कार्ड अंगालगत. दिवसाचे पैसे, एक कार्ड, फोन कमरेच्या बॅगेत. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची बाटली आणि छत्री सोडून काही नाही. बॅग एक-दीड लिटरची पुरे. तीन लिटरची घेतली की तीन लिटर भरते.

चिप_आणि_कागद
एक जागा राहिली, विमानतळाची तपासणी. कमरेची बॅग काढावीच लागते, अंगालगतचा पाऊचही स्कॅनरमध्ये दिसतो. सुटी बॅग ट्रेमध्ये उघडी पुढे जाते आणि तुम्ही रांगेत मागे अडकता. रांगेत असतानाच ती कॅबिन बॅगेत घालून चेन लावा आणि ट्रे आत गेल्याशिवाय स्वतः फ्रेममधून जाऊ नका. दोघं असतील तर एकाने आधी पलीकडे जावं. स्टीलची जाळी एक्स-रेवर दिसते, कधी उघडून दाखवायला सांगतात, तेवढं चालतं. वर आलेल्या कुलपाचं म्हणाल तर टीएसएच्या (अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या) मास्टर किल्ल्यांचे नमुने २०१५ पासून इंटरनेटवर आहेत. कमरेच्या बॅगेला ते कुलूप शोभेपुरतं.

प्लॅटफॉर्म_चार
गेलीच तर काय, तेही लिहून ठेवतो.

फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, *#०६# वर दिसतो, तो आत्ताच कागदावर लिहून दुसऱ्या बॅगेत ठेवा. भारतात फोन गेला तर पोलिस तक्रारीची प्रत घेऊन संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. कार्ड आधी अ‍ॅपवरून बंद, मग बाकीचं. बँकेचे क्रमांक फोनमध्येच असतील तर उपयोग नाही, कागदावर हवेत. खात्यातून पैसे गेले तर १९३० ला फोन करा, रेल्वेत १३९ ला. चालत्या गाडीत टीसीकडेही तक्रार नोंदवता येते. स्टेशनात गुन्हा नोंदवण्याचं काम रेल्वे पोलिसांचं म्हणजे जीआरपीचं आहे, आरपीएफचं (रेल्वे सुरक्षा दलाचं) नाही. हद्द आमची नाही असं कोणी म्हटलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे.

परदेशात पासपोर्ट गेला तर आधी तिथल्या पोलिसांचा लेखी अहवाल, मग भारतीय दूतावास. परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, दोन फोटो वेगळ्या बॅगेत असतील तर काम बरंच सोपं होतं. टूर मॅनेजरकडेही एक प्रत देऊन ठेवा.

सायली_ठाणे
ठरलं. बाबांना तळाला जाळी असलेली दीड लिटरची, ५ नंबरच्या चेनची, पट्टा लूपमधून आणि बकलवर इलॅस्टिक. आईला चोरखिसा. एक प्रश्न: घरात जुनी एक चांगली बॅग आहे, पण रनर फिरवल्यावर मागून चेन उघडते आणि आतून काळं चिकट काहीतरी हाताला लागतं. दुरुस्त होईल?

टाके_उसवे
चेन होईल. दात शाबूत असतील तर दोष रनरचा आहे, त्याची फट वाढली आहे. रनर उघड्या टोकाला आणा. त्याच्या मागच्या, म्हणजे मिटलेली चेन जिकडून बाहेर पडते त्या टोकाच्या दोन्ही कडा पकडीने एकेक करून हलके दाबा, चालवून बघा, लागलं तर पुन्हा थोडं. एकदम दाबलं तर रनर अडकतो किंवा तडकतो, बहुतेक रनर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. तडकलाच तर त्याच नंबरचा आणि त्याच जातीचा नवा घाला. कॉइलचा रनर दातांच्या चेनला चालत नाही.

चिकटपणा मात्र जाणार नाही. तो कापडाच्या आतला पॉलीयुरेथेनचा थर आहे, दमट हवेत कपाटात पडून त्याचं विघटन झालंय. पुसून तात्पुरतं बरं वाटेल, पण पासपोर्टला आणि नोटांना तो लागत राहील. अस्तर बदलण्यापेक्षा ती बॅग सोडा आणि तिचं बकल तेवढं काढून ठेवा.

नवी बॅग मशीनमध्ये धुऊ नका, जाळीची तार पिळताना मोडते आणि अस्तरातून बाहेर येते. कोमट पाणी, मऊ ब्रश, सावलीत उलटी टांगून वाळवणं. चेन कडक चालली तर दातांवर मेणबत्ती घासून रनर चार-पाच वेळा फिरवा. खोबरेल लावू नका, त्यावर धूळ बसते आणि चेन आणखी अडते.